अप्पांची प्रदक्षिणा आणि आमचे सर्व्हर

पेट्या मुंबईला रवाना झाल्या की पॅकिंगच्या शेडमध्ये पेंढा उरतो. किस्स्यांचंही तसंच आहे. काम होऊन जातं, ते तेवढे मागे राहतात. मी रोज संध्याकाळी घरी निघण्याआधी दिवसाची नोंद लिहितो. कोणती वायर कुठे लावली, कोणतं सेटिंग बदललं, एवढंच लिहायचं असतं. पण यंदाच्या सर्व्हरच्या कामाच्या नोंदी परवा वाचायला घेतल्या, तर वायरी कमी आणि माणसंच जास्त!

आमचा कारखाना आंब्याच्या पल्पचा. बागा पावसला, कलमांची नर्सरी दापोलीला, ऑफिस आणि कोल्ड स्टोरेज रत्नागिरीत. मालक अप्पा. कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही तिघं. डिस्पॅचमधून हळूहळू कॉम्प्युटरकडे सरकलेला मी, साळवी. आईची तब्येत बिघडली म्हणून पुण्यातली नोकरी सोडून परत आलेली इंजिनिअर मुग्धा. आणि जनरेटर, यूपीएस, एसी यांचा मालक समजला जाणारा मांडवकर.

आमच्याकडे दोन मोठे सर्व्हर. एक आमच्या खोलीत, दुसरा कोल्ड स्टोरेजच्या बाजूला. प्रत्येकाच्या पोटात चार-पाच मशीन्स. हात लावता येतील अशी नव्हेत, सॉफ्टवेअरने तयार केलेली. पण प्रत्येकाचं काम वेगळं. एकात बिलिंग, एकात हजेरी, एकात कोल्ड स्टोरेजचं तापमान. या सगळ्यांवर एकाच पडद्यावरून नजर ठेवणारं आणि त्यांना हलवणारं सॉफ्टवेअर आम्हाला बसवायचं होतं. ते आम्ही पुण्याच्या एका कंपनीकडून घेतलं, आणि घेतल्या दिवसापासून त्या कंपनीचे साहेब अप्पांच्या कानाशी लागले. ‘एवढा त्रास कशाला? सगळं आमच्याकडेच द्या. तुमच्याकडे खोलीही नको, माणसंही नकोत!’

अप्पांनी आम्हाला बोलावलं. “सीझनच्या आत करून दाखवा. एक सर्व्हर बंद पडला तरी बिलं थांबता कामा नयेत. मी स्वतः बसून बघणार. थांबली तर खोलीला कुलूप आणि कारभार पुण्याला!”

त्या दिवशी मुग्धाने डबा उघडला आणि तसाच बंद केला. म्हणाली, “काका, कारभार पुण्याला गेला तर त्याच्या मागोमाग मलाही जावं लागेल. आणि आई काही रत्नागिरी सोडायची नाही.”

•

पहिली अडचण अकाउंट्सच्या शेवडे मॅडम. त्यांचं बिलिंग कुठे असतं हे त्यांना समजल्याशिवाय त्या कुणाला हात लावू देईनात.

मी म्हटलं, “मॅडम, असं समजा, एक मोठं घर आहे. त्यात पाच भावांचे पाच संसार. चुली वेगळ्या, दारं वेगळी. पण विहीर एक, छप्पर एक.”

“आणि पाणी कुणी किती काढायचं?”

“ते हे नवीन सॉफ्टवेअर ठरवणार. कुणाला जास्त लागलं तर दुसऱ्याचं थोडं कमी करून देणार.”

मॅडमनी चष्मा काढला. “साळवी, आमच्या सासरी पाच भाऊच आहेत. हे सॉफ्टवेअर घरी बसवून मिळतं का हो?”

•

मग नावं ठेवायची वेळ आली. पुण्याच्या कंपनीने आमच्या मदतीला कुलदीप नावाचा इंजिनिअर दिला होता, कायम फोनवर असणारा. त्याने सुचवलेली नावं म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि आकडे. मांडवकरला ती पाठ होईनात. मी म्हटलं, देवांची ठेवू. बिलिंगला गणपती, हजेरीला मारुती आणि कोल्ड स्टोरेजला शंकर. बर्फात राहणारा म्हणून!

एका सकाळी मी बँकेत असताना मांडवकरचा फोन.

“भाऊ, शंकर अडकलाय. हलत नाय.”

“मग बंद करून परत चालू कर. मुग्धाने दाखवलंय ना?”

पलीकडे त्याने चपला काढून ठेवल्याचा आवाज आला.

“अरे, केलंस का?”

“भाऊ, आज सोमवार हाय.”

दुसऱ्या दिवशी देवांना मोकळं केलं आणि बागेतली नावं दिली. बिलिंग म्हणजे हापूस, हजेरी म्हणजे काजू, कोल्ड स्टोरेज म्हणजे फणस. एकाच नावाला मांडवकरने हात लावू दिला नाही. सगळ्यांवर नजर ठेवणारं ते नवीन सॉफ्टवेअर. त्याचं नाव त्याने आधीच ठेवलं होतं, राखणदार!

•

दापोलीच्या नर्सरीत एक छोटा सर्व्हर आहे. तो सांभाळणारे भागवत म्हणजे अत्यंत सरळ माणूस. मी फोनवर सांगितलं, “भागवत, आता तुमचं मशीन इथून रत्नागिरीतून दिसणार.”

“दिसणार म्हणजे?”

“म्हणजे चालू आहे की बंद, गरम झालंय का, किती भार आहे, सगळं.”

“जेवणाच्या सुट्टीतसुद्धा?”

“चोवीस तास.”

भागवतांनी फोन ठेवला. दुपारी त्यांचा फोन आला. “साळवी, आता बघा. दिसतंय?”

मी पडद्यावर बघितलं. “दिसतंय की!”

“अरेच्चा! मी तर वर चादर टाकलीय.”

त्या चादरीमुळे मशीन तापलं आणि आमच्या पडद्यावर पिवळी खूण आली. मुग्धाने फोन घेतला. “भागवतकाका, त्याला उकडतंय. चादर काढा.”

त्या दिवसापासून भागवतांचा त्या सॉफ्टवेअरवर पूर्ण विश्वास बसला. घोरणंसुद्धा ऐकू येत असेल, असं त्यांना अजून वाटतं. सर्व्हरच्या खोलीत ते झोपत नाहीत.

•

आमचं हे सॉफ्टवेअर स्वतः कुठे राहतं? तर ज्या मशीन्सवर ते नजर ठेवतं, त्यांच्यातल्याच एकात! अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे वॉचमन आणि ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं ते, सगळे एकाच चाळीत?”

हे कुलदीप विसरला. विसरला म्हणजे, त्याला आमची नावं कळेनात. एक दिवस पुण्यातून जोडलेला असताना म्हणाला, “साळवी सर, हे ‘राखणदार’ काय आहे? मेमरी फार खातंय आणि काम काहीच दिसत नाही. बंद करून टाकतो.”

“थांबा, मुग्धा येऊ दे...”

“छोटी गोष्ट आहे, सर.”

माझ्यासमोरचा पडदा कोरा झाला.

थोड्या वेळाने फोनवर हलका आवाज आला. “सर, तुम्हाला काही दिसतंय का?”

“नाही.”

“मलापण नाही.”

मागून मांडवकर ओरडला, “झाडावर चढून शिडीच ढकललीत व्हय?”

“कोण बोलतंय?” कुलदीपने विचारलं.

“ज्याला आता शिडी लावायला जायाचा हाय तो!”

मांडवकर कोल्ड स्टोरेजच्या बाजूला गेला, मुग्धाने त्याला फोनवर एकेक बटण सांगितलं आणि राखणदार उठून बसला. दुसऱ्या दिवशी त्या सर्व्हरच्या रॅकवर नारळ होता, गावच्या राखणदाराला ठेवतात तसा. मी विचारलं नाही, मांडवकरनेही सांगितलं नाही. कुलदीपच्या कानावर गेलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “सर, माझ्यातर्फे पण एक ठेवा.”

•

आता अप्पांच्या प्रदक्षिणेबद्दल सांगायला हवं.

पूर्वी एकदा पावसच्या घरावर वीज पडून अप्पांचा टीव्ही, फ्रिज आणि पाण्याचा पंप जळाला. तेव्हापासून ढग नुसते गुरगुरले तरी अप्पा उठतात आणि फेरी मारून दिसेल तो प्लग भिंतीतून काढतात. घरात, ऑफिसात, एकदा तर लग्नाच्या हॉलमध्ये, ऐन मंगलाष्टकांत माइकचा! इकडे पोफळीला आख्ख्या महाराष्ट्रासाठी वीज तयार होते आणि आमच्याकडे ती नेमकी ढगातूनच येते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी अडवायला गेलं तर म्हणतात, “जळलं तर तू भरणार आहेस?”

आमच्या खोलीतल्या यूपीएसचा प्लग दारामागे आहे. गेल्या वर्षी त्यांनी तो काढला, कुणाला कळलं नाही. यूपीएसने बॅटरीवर जमेल तेवढी तग धरली आणि मग बिलिंगसकट सगळं आडवं झालं. मग मी मोठ्या अक्षरांत छापून कागद चिकटवला, ‘हा प्लग कृपया कुणीही काढू नये.’

पुढच्या गडगडाटानंतर खोलीत आलो तर प्लग काढलेला आणि तो कागद माझ्या टेबलावर पेपरवेटखाली नीट ठेवलेला.

“अप्पा, कागद वाचला नाहीत?”

“वाचला म्हणूनच काढून ठेवला. ठिणगी उडाली तर कागद पहिला पेटतो, साळवी!”

•

शिमग्याच्या सुमारास अप्पा कामाची चौकशी करायला आले. मुग्धाने सांगितलं की एका सर्व्हरवरचं चालू मशीन न थांबवता दुसऱ्यावर नेता येतं.

“न थांबवता? थापा!”

“अप्पा, पालखी नाचवताना खांदेकरी बदलतात ना? तेव्हा पालखी खाली ठेवतात का?”

“शिव शिव! खाली कोण ठेवेल?”

“ढोल थांबतो?”

“छे!”

“मग तसंच. एकाचा खांदा निघायच्या आत दुसऱ्याचा लागलेला असतो.”

अप्पा दारापर्यंत गेले आणि वळले. “आणि पहिल्याने न सांगता खांदा काढला तर?”

 तो आठवडा मुग्धाने त्या प्रश्नावरच घालवला. शेवटी असं बसवलं, की एखाद्या सर्व्हरचा यूपीएस बॅटरीवर गेला की राखणदाराने कुणाला न विचारता त्याच्यावरची सगळी मशीन्स दुसऱ्याकडे हलवायची आणि रिकामा झालेला सर्व्हर बंद करायचा. कागदावर तरी सगळं बरोबर होतं. खरं करून बघायला अप्पांच्या परीक्षेचाच दिवस उजाडला.

•

परीक्षेचा दिवस. बाहेर मुंबईचा ट्रक भरत होता आणि पलीकडच्या खोलीत शेवडे मॅडमचा जुना प्रिंटर कर्र कर्र करत खरी बिलं छापत होता. अप्पा माझ्या खुर्चीवर. मुग्धा लॅपटॉप घेऊन उभी. पुण्याचे साहेब फोनवर आले की मुग्धाने मान हलवायची आणि मांडवकरने आमच्या खोलीतल्या यूपीएसचा प्लग काढायचा, असं ठरलं होतं. साहेबांनीच सांगितलं होतं, मी ऐकल्याशिवाय सुरू करू नका.

त्यांचा फोन काही येईना. अप्पांनी दोनदा पेपर उलटसुलट केला. बाहेर अंधारून आलं आणि भाट्याच्या किनाऱ्याच्या बाजूला ढग गुरगुरले.

अप्पा उठले.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. अप्पांनी पंख्याचा प्लग काढला. बाहेर जाऊन पाण्याच्या कूलरचा काढला, झेरॉक्सचा काढला. शेवडे मॅडमच्या टेबलापाशी हात पुढे केला आणि मागे घेतला. “नको. आज बिलं चालू राहायला हवीत,” असं स्वतःशीच म्हणाले. मग समाधानाने परत आले, येता येता दारामागे हात घातला, यूपीएसचा प्लग काढला आणि माझ्या खुर्चीवर येऊन बसले.

यूपीएस टीं टीं करायला लागला. मांडवकर प्लगकडे धावणार, तेवढ्यात मुग्धाने त्याचा हात धरला.

“राहू दे,” ती इतकंच म्हणाली.

लॅपटॉपवर आधी बारकी मशीन्स हलली, मग काजू. त्याच्या मागून, परीक्षेसाठी मुद्दाम इकडे आणलेला राखणदार स्वतः गेला. उरला हापूस, सगळ्यांत जड. त्याची हिरवी पट्टी सरकत होती, थांबत होती, पुन्हा सरकत होती. पलीकडे प्रिंटर कर्र कर्र करत होता.

आणि प्रिंटर थांबला.

मुग्धाने डोळे मिटले.

“मॅडम!” मी ओरडलो. “काय झालं?”

“कागद संपला हो! एवढं ओरडायला काय झालं?”

कागद बदलल्याचा आवाज आला. मग पुन्हा कर्र कर्र. हापूस पलीकडे पोचला होता. आमच्या खोलीतल्या सर्व्हरचा घुं आवाज हळूहळू खाली आला आणि बंद झाला. त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

“उभे काय राहिलात?” अप्पा म्हणाले. “त्या साहेबाची वाट बघू नका. करा सुरू तुमचं.”

“झालं, अप्पा,” मुग्धा म्हणाली.

“काय झालं?”

“सर्व्हर बंद पडला. बिलं चालू आहेत.”

“कधी? मी इथेच बसलोय!”

मांडवकरने दारामागे लोंबणारा प्लग नुसता उचलून दाखवला.

अप्पा उठले. सर्व्हरसमोर वाकून विझलेले दिवे बघितले. भिंतीला कान लावून प्रिंटर ऐकला. मग कमरेवर हात ठेवून आमच्याकडे वळले. “ह्याच्यावाचून चालतं, तर मग हा शिंचा घेतलात कशाला?”

कुणी काही बोलायच्या आत फोन वाजला. पुण्याचे साहेब. अप्पांनी उचलला.

“हो, झाली परीक्षा... नाही, तुमचा प्रस्ताव राहू दे बाजूला. मला आधी एक सांगा. इथे वीज कडाडली, तर तिथे पुण्यात बसून प्लग कोण काढणार?”