चैत्रगौरीपुढचे परागंदा मासे

समस्त रायपूरकरांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या समता कॉलनीतल्या घरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला युद्ध पेटले, आणि त्याचे कारण होते थर्माकोल.

माझी मुलगी तेव्हा दूर समुद्रकाठी प्रवाळांतल्या माशांचा अभ्यास करायची. सुट्टीत आली आणि गौरीपुढची आरास हट्टाने मागून घेतली. थर्माकोलची प्रवाळं कोरली. अर्धी रंगवली, अर्धी पांढरीच ठेवली. रंगीत बाजूला कागदी माशांची दाटी. पांढऱ्या बाजूचे मासे गडद निळ्या कापडाकडे निघालेले.

मोठ्या वहिनी, म्हणजे घरातलं सरकार, दारातूनच कडाडल्या, "रंग संपला का व तुह्या बापाकडचा?"

"मोठी आई, समुद्र तापला की प्रवाळ असंच पांढरं पडते. तिथले मासे मरतात, नाही तर थंड पाण्याकडे जातात. मग दुसरेच येऊन जागा धरतात."

"गौरीपुढे मेलेलं मांडते? काढ ते! सदर बाजारातून झालर आणली मी, ते लाव."

पोरीचे डोळे भरले. मी वकिली केली, "वहिनी, चैत्रांगणात तुम्हीपण मासा काढताच ना?"

"भाऊजी, डाळ खा अन् चूप बसा."

त्यांनी प्रवाळाला हात घातला, तोच फाटक वाजलं. रायपूर राजधानी झाल्यापासून बदलून आलेल्या साहेबांच्या बायका! वहिनींचं माहेर मराठ्यांच्या राज्यापासून इथलं. या नव्या मंडळींचा त्यांना मनापासून तिटकारा. मला कोण आनंद झाला!

दिवाणखाना भट्टीसारखा तापलेला, कूलर एकच, कोपऱ्यात. ओटी, कुंकू होता होता एकेक बाई गोड हसत तिकडे सरकली. वहिनी पन्हं वाटून परतल्या, तर त्यांच्या खुर्चीत एक धिप्पाड साहेबीण. रिकामी जागा उरली ती उन्हाच्या खिडकीपाशी, पांढऱ्या प्रवाळाशेजारी. वहिनी तिथे बसल्या आणि पदराने वारा घेत फणफणू लागल्या.

साहेबिणीने कूलरसमोरून माझ्या मुलीला विचारलं, "बेटी, ये आधा सफेद क्यों छोड़ दिया?"

मुलगी तोंड उघडणार, तोच वहिनी खिडकीजवळून ओरडल्या, "समुद्र तापला हाये तिथला! बाहेरचे येऊन बसतात, अन् घरच्याईले जागाच राहत नाही!"