सासूबाई आणि तीन इंच उचललेली गाडी

न्यूझीलंडमधलं आमचं पामर्स्टन नॉर्थ पोळपाटासारखं सपाट आहे. आमच्या रोजच्या रस्त्यावरची सगळ्यात मोठी चढण म्हणजे मुलीच्या शाळेसमोरचा स्पीडब्रेकर. अशा गावात राहून मी माझी जुनी फोर-बाय-फोर स्प्रिंगा बदलून तीन इंच उचलून घेतली आणि खाली तेहतीस इंची टायर चढवले. "कशाला?" बायकोने विचारलं. मी म्हणालो, "नदीच्या पात्रात घालायला." त्या पात्रात मी आजवर एकदाच उतरलो होतो, तेही वाहून गेलेली जँडल, म्हणजे रबरी चप्पल, शोधायला.

बायको चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "आई पुढच्या आठवड्यात येतेय. सहा महिने. तिचे गुडघे माहीत आहेत ना तुला?"

"अरेच्चा, विसरलोच," मी म्हणालो.

सासूबाई पुण्यातल्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. विमानतळाच्या पार्किंगमध्ये त्यांनी गाडीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"जावईबापू, शिडी कुठंय?"

बायकोने वरून ओढायचं आणि मी खालून ढकलायचं असं ठरलं. सासूबाईंना नेमकं कुठे धरून ढकलावं याबद्दल आपल्या संस्कृतीत काही मार्गदर्शन नाही. मी नुसते हात पुढे केले. "हात लावायचा नाही!" त्या म्हणाल्या, आणि लेकीला घेऊन टॅक्सीने घरी गेल्या. मागून मी, उंच आणि एकटा.

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीची पूजा केली. "गाडीचा काय दोष?" हळदकुंकू, नारळ, चारी टायरखाली एकेक लिंबू. मी ऐटीत गाडी पुढे घेतली. तीन लिंबं फुटली. चौथं पुढच्या डाव्या टायरच्या खाचेत जाऊन अख्खं अडकलं आणि चाकाबरोबर गोल फिरून वर आलं. त्या टायरच्या खाचा चिखल पकडायला केलेल्या असतात, लिंबू फोडायला नाही, हे मी समजावू लागलो.

"फुटलं नाही," सासूबाई म्हणाल्या. नापासांची यादी वाचतानाचा आवाज.

मग बायकोने पाट काढला. आमच्याकडे एकच पाट आहे, दिवाळीत मी अभ्यंगस्नानाला बसतो तो. आता प्रत्येक थांब्यावर मी खाली उतरायचं, पलीकडे धावायचं, पाट ठेवायचा, सासूबाई चढल्या की उचलून मागे टाकायचा. सुपरमार्केटसमोर चिखलाचे बूट घातलेला एक शेतकरी हे सगळं हाताची घडी घालून बघत होता. त्याची गाडी दिवसभर खऱ्या डोंगरात फिरत असणार, आणि ती माझ्या गाडीपेक्षा बुटकी होती.

"वरून सगळं छान दिसतं हो," सासूबाई आतून म्हणाल्या. "हसणारे लोकसुद्धा."

तिसऱ्या आठवड्यात पावसात पाट सरकला. त्यांनी दार धरलं म्हणून पडल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत. पाट स्वतः उचलला, पुसला, माझ्या हातात दिला आणि चालत घरात गेल्या. त्यानंतर त्या गाडीत बसल्या नाहीत. बाजार बंद, देऊळ बंद, नातीचा नेटबॉल बंद. दिवसभर खिडकीपाशी बसायच्या आणि मी दिसलो की पडदा ओढायच्या.

"तिकीट अलीकडचं घेते म्हणतेय," बायको म्हणाली. "ती गेली ना, तर पुढचं जेवण तू त्या टायरवर मांडून खा."

दुसऱ्याच दिवशी मी गॅरेजात गेलो. तिथल्या माणसाने डोकं खाजवलं. "मेट, महिनाच झालाय की. काय बिघडलं?"

"सासू," मी म्हणालो.

"स्वीट अ‍ॅज," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', आणि पुढे एक अक्षर विचारलं नाही.

जुन्या स्प्रिंगा परत चढत असताना मी बाकावर बसून होतो. महिन्यापूर्वी याच बाकापाशी त्याने मला विचारलं होतं, दोन इंच की तीन? दोनला गाडी बदलल्याचं वेगळं सर्टिफिकेटही लागलं नसतं. आणि त्या क्षणी, खरं सांगतो, मला गुडघे आठवले होते. मागच्या खेपेला सहा महिने सासूबाई पुढच्या सीटवर बसून माझी गाडी चालवत होत्या. ब्रेक. सिग्नल. लेन. ते सगळं आठवलं आणि मी म्हणालो, तीन.

गाडी घरी आणली, जुन्या टायरवर, जुन्या उंचीवर. सासूबाई बाहेर आल्या.

"लिंबू," त्या म्हणाल्या. चारही फुटली.

"पाट."

"आई, आता पाटाची गरज नाही," मी म्हणालो.

"पाट."

मी पाट ठेवला. त्यावर चढल्यावर त्यांचं डोकं छताच्या वर गेलं, मग वाकून त्या आत शिरल्या, पुढच्या सीटवर. पट्टा लावला. पर्स मांडीवर. मी पाट मागे टाकून येऊन बसलो.

"गुडघे विसरला होतात म्हणे," त्या समोर बघत म्हणाल्या.

"हो, म्हणजे गडबडीत..."

"जावईबापू, मी सत्तावीस वर्षं मुख्याध्यापिका होते."

मी किल्ली फिरवली.

"सिग्नल द्या," त्या म्हणाल्या. "आणि तिकीट मी बदललेलं नाही. पूर्ण सहा महिने आहे."