तहान नसलेली फौज

“शत्रूनं शहर घेतलं. झालं ते झालं. सकाळी म्हशीची धार कोण काढणार, ते बोला.”

दर रविवारी दुपारी खेळाची सुरुवात तो अशीच करायचा. बोलताना मूठ कानाशी नेऊन आतला फासा खुळखुळवायचा, टाकायचा मात्र नाही.

पडेगावला आमची सोसायटी नवी होती, पंधरा फ्लॅटची. तो तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचा. हा खेळ त्यानंच आम्हाला लावला. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. तो एका काल्पनिक राज्याची गोष्ट सांगणार, आपण त्यातलं एकेक माणूस व्हायचं, काय करणार ते बोलायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. कदम मॅडम जादूगारीण होत्या. औषधाच्या दुकानाचे शेखभाई तलवारबाज. मी धान्यकोठारावरचा कारकून. मला दुसरं काही जमलं नसतं.

त्याच्या राज्यावर दगडी फौज चालून आली होती. ते सैनिक कुणाला मारत नव्हते, लुटत नव्हते. त्यांना तहान लागत नसे, एवढंच. शहराचं तळं त्यांच्या लेखी नुसती मोकळी जागा होती, म्हणून त्याभोवती भिंत घालून त्यांनी काठावर कवायतीचं मैदान केलं. सोसायटीत पुढे जे झालं, त्याच्या वर्षभर आधी त्यानं ही गोष्ट रचली होती, हे मुद्दाम सांगतो. तुम्ही भलता अर्थ काढू नये.

“मास्तर, कितने दिन बैठेंगे? आज हल्ला करते,” शेखभाई म्हणायचे. खेळ चालवतो म्हणून ते त्याला मास्तर म्हणत.

“करा की. घोड्याला पाणी कुठनं पाजलं?”

“अरे यार, तुम्हारी लढाई में भी टँकर का टेन्शन!”

गोष्टीत आम्ही बंडखोर होतो, आणि आमचे निरोप गावोगाव जायचे ते मेंढरांच्या कळपाबरोबर. खतासाठी कळप आज एकाच्या शेतात बसतो, उद्या दुसऱ्याच्या. त्याला कोण अडवणार? कदम मॅडमनी विचारलं, “पण मेंढ्यांना स्वतःचा गोठा नसतो का?”

“नाय मॅडम. मेंढरं फ्लॅट बुक करत नाहीत.”

त्याला हे घरातूनच ठाऊक होतं. त्याचे वडील तेव्हाही मेंढरं राखायचे.

गोष्ट सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस नावालाच झाला. आमचा बोअर आटला, टँकर सुरू झाले. मागच्या पाझर तलावात तेवढं थोडं पाणी होतं. वडील दुपारी कळप घेऊन तिथं जायचे ते आमच्या कंपाउंडच्या कोपऱ्यातून, कारण इमारत त्यांच्या वाटेवरच उभी राहिली होती. लेंड्या पडतात, गाड्यांना चरे पडतात, अशा तक्रारी आल्या. भिंत घालून कोपरा बंद करायचा ठराव सभेपुढे आला.

तो उभा राहिला. “पाऊस पडेस्तोवर थांबा. इथून बंद केलं तर म्हाताऱ्याला मोठ्या रस्त्यानं फिरून यावं लागंल. गाड्या लई जोरात असतात तिथं.” एवढं बोलून बसला.

अकरा विरुद्ध तीन. एक फ्लॅट बंद होता. मंजूर नकाशात तिथं भिंतच होती, म्हणून माझा हात अकरांत होता. नकाशा आजही तेच दाखवतो. दर रविवारी हल्ला मागणारे शेखभाई बराच वेळ जमिनीकडे बघत होते. ठरावाच्या बाजूनं त्यांचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला.

रविवारी तो येणार नाही असं मला वाटलं होतं. आला. चहा घेतला. गोष्टीत आम्ही तळ्याच्या दारापर्यंत पोचलो होतो. शेखभाईंनी फासा टाकला आणि वीस पडले. आम्ही टाळ्या वाजवल्या. खेळात त्यानं कधी कुणावर राग काढला नाही. त्या दिवशीही काढला नाही.

“दार उघडलं,” तो म्हणाला. “मेंढरं आत गेली. पाणी प्याली.”

“आगे?”

“आगे कुछ नहीं, शेखभाई. प्याली.”

सोमवारी गवंडी आला. त्यानंतर ड्रॉइंगचं टेबल सोडून त्यानं कारखान्यात रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे दुपार मोकळी राहील. रविवारची दुपारही मेंढरांमागे गेली आणि खेळ बंद पडला. पुढच्या वर्षी फ्लॅट विकून तो निघून गेला. कुठं, ते आम्हा तिघांपैकी कुणालाच माहीत नाही.

त्याआधी एकदा मी दौलताबाद रोडनं, म्हणजे त्या मोठ्या रस्त्यानं, स्कूटरवर येत होतो. पुढे गाड्या थांबलेल्या. रस्त्याच्या मधोमध तो उभा, अंगात कंपनीचा शर्ट, दोन्ही हात दोन बाजूंना ताठ. एका हातापुढे वेरूळची बस हॉर्न देत होती. दुसऱ्या हातापुढे आमच्या सोसायटीकडे निघालेला टँकर. मधून मेंढरं सावकाश जात होती आणि मागून काठी खांद्यावर आडवी धरून म्हातारा.

मी इंजिन बंद केलं. त्यानं मला पाहिलं, मान हलवली. एक लंगडं कोकरू मागे राहिलं होतं. ते पलीकडे जाईपर्यंत त्यानं हात खाली घेतले नाहीत.