देवाच्या वतीने दिलेला शब्द

शरणपूर रोडला यादव पगारेचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान कसलं, घराचीच पुढची पडवी. मशीन चालवता चालवता तो भजनं म्हणायचा, गिऱ्हाइकाला प्रभूच्या गोष्टी सांगायचा. अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत त्याची बायको सगुणाबाई स्टोव्हपुढे बसल्या जागी कलंडली. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण वाचा राहिली.

डॉक्टर म्हणाले, चालणं कठीण आहे. यादवनं ते कानाआड केलं. पुढच्याच रविवारी ख्रिस्ती देवळात भर उपासनेत उठून त्यानं साक्ष दिली, "ईस्टरला माझी सगुणा स्वतःच्या पायांनी वेदीपर्यंत येईल. देवानं मला शब्द दिलाय!" बायकांनी डोळ्यांना पदर लावले. घरोघरी तिच्यासाठी प्रार्थना सुरू झाल्या.

ईस्टर उजाडला. यादव तिला उभी करू लागला आणि ती पुन्हापुन्हा त्याच्या अंगावर कोसळू लागली. शेवटी त्यानं तिच्या दंडाला हिसडा दिला. "विश्वास ठेव की जरा!" तो ओरडला. दंडावर त्याच्या बोटांचे वळ उठले. तिकडे देवळाची घंटा वाजू लागली, तशी यादवनं दाराला आतून कडी घातली.

त्यानंतर त्यानं देवळाची वाटच सोडली. मंडळीतलं कुणी समोरून येताना दिसलं, की मान मशीनवर खाली. शेजारची बयाबाई सहज विचारायची, "भाऊ, वहिनींना काही फरक?" तेवढ्यानंही त्याला धरणी दुभंगावी असं वाटायचं.

पावसाळ्यातल्या एका रविवारी तो तिचे केस विंचरत होता. सगुणाबाईनं विचारलं, "अहो, मला देवळात नेत नाही. माझी लाज वाटते?"

"तुझी नाही गं. मी देवाला चारचौघांत खोटं पाडलं. कोणत्या तोंडानं जाऊ?"

ती बराच वेळ शब्द जुळवत राहिली. "देव कुठं बोलला होता? बोललात तुम्ही, त्याच्या नावानं. तो मला चालवत नाही, पण सोडूनही गेला नाही. कडी तुम्ही लावलीत."

फणी यादवच्या हातातच राहिली. इतके दिवस त्याला वाटत होतं, आपला विश्वास मोठा आणि हिचाच तोकडा पडला. त्याला तिच्याकडे बघवेना.

त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि तसाच निघाला. उपासना अर्धी झाली होती. माना वळल्या. त्यानं तिला शेवटच्या बाकावर बसवलं. प्रभुभोजनाच्या वेळी पाळक भाकर आणि प्याला घेऊन स्वतः मागं आले. सगुणाबाईनं डावा हात पुढं केला. यादवनं आपले हात मागंच ठेवले.

"घ्या," ती म्हणाली. "तुमच्यासाठीपण आणलंय."

ती पुढं सहा वर्षं जगली, चालली कधीच नाही. यादवला आजाऱ्यांच्या घरून प्रार्थनेसाठी बोलावणी यायची. तो जायचा, उशाशी बसायचा. "प्रभू, बरं कर, आणि तोवर याला धरून ठेव," एवढंच म्हणायचा. घरातलं कुणी काकुळतीनं विचारलं, "यादवकाका, बरा होईल ना?" तर त्याला ईस्टरचा तो शब्द आठवायचा आणि मान वर करवत नसे.