मामांचा ब्रिज
शेजारी मिसरीसाठी तव्यावर तंबाखू भाजली की त्या करपट वासानं मला लिंबायतला कापडाचा लूम चालवणारे आमचे मामा आठवतात. पडलेल्या दातांच्या जागी ब्रिज बसवताना डॉक्टरनं त्यांना बजावलं होतं, मिसरी बंद करा आणि ब्रिजखालून रोज दोरा फिरवा. मामा घरी येऊन हसले. "दोरा लूमवर शोभतो, तोंडात नाही," म्हणाले आणि ऐटीत मिसरी घासत बसले. वर्षभरात हिरड्या सुजल्या, आधाराचे दात किडले आणि एका सकाळी मिसरी थुंकताना ब्रिजच मोरीत पडला. तो धुऊन आम्हाला दाखवत म्हणाले, "डॉक्टरनं डिफेक्टचा माल दिला." आता त्यांच्या तोंडात एकच दात उरलाय. परवा माझ्या मुलीला तोच बोटानं दाखवत होते, "हा बघ, मिसरीनं टिकला."