गोड बोलणाऱ्या मामाची मुलाखत

माझ्या मोहाडीच्या मामाच्या तोंडून कुणा माणसाची खोट बाहेर पडलेली कुणी ऐकली असेल, तर त्याने मला येऊन सांगावं. मी त्याला कानाच्या डॉक्टरचा पत्ता देईन. घरी धानाची शेती, पण मामाचा खरा जीव सोयरिकी जुळवण्यात. मुलगा तोतरा असला तर मामा मुलीकडच्यांना सांगे, "पोरगा मोजकंच बोलते." मुलगी भांडकुदळ असली तर, "घराले वचक राहील." एक नवरदेव दहावीला तीनदा बसून तीनदा पडला होता. त्याच्याबद्दल मामा म्हणाला, "दहावीचा अभ्यास त्याचा लय पक्का आहे." मामा खोटं बोलत नसे, फक्त खऱ्याला असं काही नटवून बाहेर आणी की ते ओळखू येत नसे. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्याने जमवलेल्या कितीतरी सुना एका झटक्यात परजिल्ह्यातल्या झाल्या. लोक हळहळले, जिल्हा फुटला म्हणाले. मामा म्हणाला, "फुटला काहून म्हणता? लेक मोठी झाली, वेगळी चूल मांडली." मामीने भाजीत दोनदा मीठ टाकलं, तरी हा "आज भात दोन घास जास्त जाईल" म्हणून मुकाट्याने जेवून उठे.

अशा माणसाला देवाने नात दिली ती चार वर्षांची होऊनही न बोलणारी. हाक मारली तर वळायची नाही. पाहुण्यांच्या चपला अंगणात ओळीने लावत बसायची, आणि कुणी एक जरी हलवली तरी जमिनीवर लोळण घ्यायची. तिची आई, म्हणजे माझी मामेबहीण, जवळच्या गावात शिक्षिका. जावई नोकरीसाठी लांब. त्यामुळे पोर दिवसभर मामाजवळ. बहीण दीड वर्षापासून काळजीने वाळत चालली होती. एकदा ती पोरीला दवाखान्यात घेऊन गेली, तर सोबत गेलेल्या मामाने तिथे नातीचं असं वर्णन केलं की डॉक्टरांनी कौतुक करून सगळ्यांना परत पाठवलं. बहीण त्यानंतर वडिलांशी आठवडाभर बोलली नाही.

दुसऱ्या वेळी मी बरोबर गेलो. भंडाऱ्याला नागपूरहून एक डॉक्टरीणबाई येत असत. त्यांनी बहिणीला फोनवर आधी पोरीचे कान तपासून आणायला सांगितलं होतं. ते ठणठणीत निघाले. आता त्यांना, जो तिला दिवसभर सांभाळतो त्याच्याशी बोलायचं होतं. मामाने सोयरिकीला जाताना घालायचं जाकीट चढवलं, नातीला नवा फ्रॉक घातला आणि वाटेत पेढे घेतले. बाईंनी विचारलं, "नाव घेतल्यावर वळून पाहते का?"

"एकचित्त आहे, बाई. कामात असली का इकडंतिकडं पाहत नाही."

"इतर मुलांत खेळते?"

"कोणाच्या भानगडीत पडत नाही."

"बोलते किती?"

"उलटून तर कधीच बोलत नाही!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, मला हिला सून करून न्यायचं नाहीये."

मला हसू फुटलं, पण बहिणीकडे पाहिलं आणि आवरलं. ती भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती. बाई मग शांतपणे म्हणाल्या, "मी हिला तासभर पाहणार. तुम्ही रोज पाहता. मला इथं जे दिसणार नाही, ते तुमच्याकडूनच कळायचं. तुम्ही झाकलंत, तर हिला मदत मिळायला आणखी उशीर होईल. चांगलंवाईट राहू द्या. काल सकाळपासून काय काय घडलं, तेवढंच सांगा."

मामाने टोपी काढून मांडीवर ठेवली. जन्मात पहिल्यांदाच त्याला शब्द शोधावे लागत होते.

"सकाळी उठली. दूध पाहिजे असलं का माहं मनगट धरते न् दुधाच्या गंजाच्या झाकणावर नेऊन ठेवते. माह्या तोंडाकडं पाहत नाही, बाई. तिले हात पाहिजे राहते, आजोबा नाही." मग तो थांबलाच नाही. "कुकरची शिटी झाली का कान दाबून भिंतीवर डोकं आपटते. म्हणून घरात कुकर बंद केला. लोकाइले सांगतो, गंजातला भात गोड लागते."

बाई लिहीत होत्या. पोर अगदी लहान असतानाचंही त्यांनी खोदून खोदून विचारलं, मग तिच्याशी खेळून पाहिलं, आणि शेवटी ऑटिझम हा शब्द सांगितला. "बरी होईल ना?" मामाने विचारलं. हा काही ताप नव्हे की उतरेल, पण शिकवलं तर पोर पुष्कळ शिकेल, असं बाई म्हणाल्या. बहीण त्या दिवशी वडिलांच्या हाताला धरून जिना उतरली.

त्यानंतर मामाची जीभच बिघडली. खरं सांगायची एकदा सवय लागली ती सुटेना. एका मुलीच्या बापाने विचारलं, "पोरगा काय करते?" मामा म्हणाला, "दुपारपर्यंत झोपून राहते." सोयरिकी मोडू लागल्या, बोलावणी बंद झाली, आणि मामी मला बोल लावू लागली. मामा मात्र बाईंनी सांगितलेले खेळ नातीशी खेळत अंगणात बसलेला असे.

काही महिन्यांनी बाईंनी पुन्हा बोलावलं. मामा म्हणाला, "तू आत चाल संगं. माह्या एकट्यावर त्यांचा भरोसा बसणार नाही."

"काही नवीन?" बाईंनी विचारलं.

"बोलत नाही अजून. रडणंही तसंच आहे. पण परवा आम्ही वावराच्या कडेले धुऱ्यावर बसलो होतो. धानाच्या बांधीत पाण्यात बगळा उतरला. हिनं बोट दाखवलं. मंग वळून माह्याकडं पाहिलं. मी पाहून राहिलो का नाही, ते पाहिलं."

बाईंचं पेन थांबलं. "नक्की?"

मामा चटकन माझ्याकडे वळला. "या भाच्याले विचारा. हा होता तिथं."

मी होतो. मी बाईंना तसं सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं, आणि मामा टोपी चुरगाळत म्हणाला, "एवढंच आहे, बाई. याच्यात माह्या पदरचं काहीच नाही."