गोळी आणि दिवसभराची तहान

डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडला आणि म्हणाले, "ही गोळी रोज सकाळी. आता जन्मभर." मग चिठ्ठी लिहिता लिहिता, "लघवीला जास्त होईल. तेच तिचं काम." मी नुकतीच चाळिशी ओलांडली होती. घाटकोपरच्या त्या दवाखान्यातून बाहेर पडताना मला ब्लडप्रेशरची काळजी वाटली नाही, ऑफिसातल्या संडासाची वाटली.

गोळी चुकवण्याचा प्रश्नच नव्हता. घरात आई होती. आम्ही चाळीत राहत होतो तेव्हा तिलाही अशीच गोळी दिली होती. बरं वाटतंय म्हणून तिने ती परस्पर बंद केली आणि एका सकाळी गवार मोडता मोडता तिचा उजवा हात मांडीवरच पडून राहिला. तोंड वाकडं झालं, बोलणं तुटक झालं. तेव्हापासून तिची अंघोळ, वेणी, भरवणं ऑफिसच्या आधी आणि नंतर माझ्याकडे. दुपारी शेजारच्या काकू डोकावायच्या. मी पडले तर आम्हा दोघींना उचलणारं कुणी नव्हतं.

ऑफिस अंधेरीला, औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात, पहिल्या मजल्यावर. बायकांचा संडास खाली जिन्यामागे, कुलूपबंद, कारण म्हणे बाहेरचे लोक घाण करतात. किल्ली हेडक्लार्कच्या खणात. ती मागायची म्हणजे पुरुषांच्या टेबलांमधून चालत जायचं आणि त्याचं हसून "काय, परत?" ऐकायचं. म्हणून आम्ही बायका दिवसभर पाणीच पीत नसू. नव्या मुलीला तिचा टाइपरायटर दाखवायच्या आधी हे सांगितलं जाई.

मी व्यवस्थित माणूस. आई, बस, गोळी, सगळं वेळेत बसवलं. पहाटे उठल्या उठल्या गोळी, म्हणजे निघेपर्यंत तिचा जोर ओसरेल. एक कप चहा. मग संध्याकाळी घरी येईपर्यंत थेंब नाही. डब्यातलं ताकसुद्धा बंद केलं. जमलं. मला माझं कौतुकही वाटलं.

मे महिन्यात पोटऱ्यांत गोळे यायला लागले. एका दुपारी खुर्चीतून उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. फायलींचं कपाट धरलं म्हणून वाचले.

"अगं, प्रेशर चढलं तुझं!" शेजारच्या टेबलावरची मैत्रीण धावत आली. "अजून एक गोळी घे ना."

"इथे नाहीये."

"मग उद्या सासूची आणते. एकदम स्ट्राँग आहे. नाहीतर वाट लागेल तुझी."

सासूच्या गोळीची वाट न पाहता मी संध्याकाळी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आधी झोपवून मोजलं, मग उभं करून.

"चढलं नाही, फार उतरलंय. पाणी किती पिता?"

"सकाळी चहा घेते. मग रात्री."

"आणि मधे?"

"मधे ऑफिस असतं."

त्यांना कळेना, तेव्हा किल्लीचं सांगावं लागलं. परक्या पुरुषाशी हे बोलताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

"बाई, गोळी अंगातलं पाणी काढतेय आणि तुम्ही वरून भरतच नाही."

"दुसरी गोळी नाही का?"

"आहे, पण तुम्हाला दमा आहे, त्यात ती चालणार नाही. दोन दिवस गोळी थांबवा, भरपूर पाणी प्या, मग हीच सुरू. त्यानंतर एक दिवससुद्धा चुकवायची नाही. आणि पाणी प्यायचं. ऑफिसात असलात तरी."

घरी आईला मऊ भात भरवताना मी हे सगळं सांगितलं. ती घास तोंडात धरून बसली. मग म्हणाली, "मी पण... म्हणूनच... सोडली."

"बरं वाटत होतं म्हणून ना?"

तिने नकारार्थी मान हलवली. "चाळीत... रांग. सगळे... बघायचे. डबा घेऊन... सारखं सारखं... किती जायचं?"

मी तिचं तोंड पुसलं.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात सकाळीच दोन पेले पाणी प्यायले. दुसऱ्यांदा किल्ली मागितली तेव्हा हेडक्लार्क म्हणाला, "आत्ताच तर नेली होती!"

"हो."

"बाई, तुम्हाला डायबिटीस-बियबिटीस नाही ना?"

आजूबाजूच्या टेबलांवरून सगळे बघायला लागले. "प्रेशर आहे," मी म्हटलं. "रोज चार-पाच वेळा जावं लागेल. तुम्ही रोज विचारा, मी रोज सांगेन."

त्याने किल्ली टेबलावरून माझ्याकडे सरकवली. "तुमच्याकडेच ठेवा."

मैत्रीण म्हणाली, "झकास! आता तूच हेडक्लार्क." त्या आठवड्यात सगळ्या बायका पाणी प्यायला लागल्या. मी हसले खरी, पण सुटल्यासारखं वाटलं नाही. साकीनाक्याला बस अडकली की बसमध्ये किल्ली कुणाकडे मागणार? लग्नाची पत्रिका आली की मी आधी हॉलची चौकशी करायची, मुलीची नंतर. कुठेही जायचं झालं की माझ्या आधी ही गोळी निघत होती.

हिवाळ्यात ऑफिसची सहल गोराईला ठरली. किनाऱ्यावर सोय आहे का, मी विचारलं.

"झाडं आहेत की भरपूर," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

"एक दिवस नको घेऊस," मैत्रीण हळूच म्हणाली. "एका दिवसाने काय होतंय?"

मी नाव काढून घेतलं. त्या रविवारी सकाळी गोळी घेतली, वर तांब्याभर पाणी प्यायले आणि आईची वेणी घालायला बसले.